पाऊस बदलला का? नोंदी वाचताना या चुका टाळा

मागे एका ऑक्टोबरात शेजारचे आप्पा सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री बाजूला सारत होते. वरचा थर कोरडा दिसत होता. हात आत घातला तर ऊब लागली, आणि मुठीत आलेल्या शेंगांना आतूनच कोंब फुटले होते. जूनमध्ये त्यांनी दोनदा पेरलं होतं. ऑगस्टात फुलोऱ्याच्या वेळी पावसाने दडी मारली आणि काढणीच्या वेळी तो परत आला. त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाइलवर हंगामाचा आकडा दाखवला. तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला होता. आप्पा म्हणाले, "सरासरी भरली म्हणता, मग माझं पीक कशानं गेलं?"

मी गावात पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद करतो. शेतकरी, शिक्षक, ग्रामपंचायतीतली मंडळी जुन्या वह्या किंवा डाउनलोड केलेले आकडे घेऊन येतात, तेव्हा ते आम्ही मिळून वाचतो. त्यात ज्या चुका परत परत दिसतात त्या इथे लिहितोय. यातल्या काही माझ्याही हातून झाल्या आहेत, आणि त्यांच्यापायी काही वर्षांच्या नोंदी वाया गेल्या.

हंगामाची बेरीज बघून निकाल देणं

"पाऊस कमी झालाय का?" हा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तरासाठी लोक जून ते सप्टेंबरची बेरीज बघतात. बेरीज फारशी हललेली नसली की "बदल वगैरे काही नाही" असं म्हणून मोकळे होतात. सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते.

२०२३ चं साल घ्या. देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या सुमारे ९४ टक्के झाला. सहा टक्क्यांची तूट, म्हणजे फार मोठी गोष्ट वाटत नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, ३६ टक्के तुटीचा. जुलै आणि सप्टेंबरने बेरीज सावरली. मात्र ऑगस्टात फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या अवस्थेत असलेल्या पिकाला सप्टेंबरचा पाऊस उसना घेता येत नाही.

हे एका वर्षापुरतं नाही. २००६ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेल्या पट्ट्यात मराठवाडा आणि विदर्भाचा मोठा भाग येतो. हंगामाच्या सरासरीत त्यांना ठळक बदल दिसला नाही. पण दिवसाला १०० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पडणारा पाऊस वाढत होता आणि मध्यम पाऊस घटत होता. एक वाढला, दुसरा घटला, बेरीज जागच्या जागी राहिली. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा काळ तपासला. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतले चढउतार वाढले आहेत आणि त्यामागे उत्तर अरबी समुद्राचं तापणं आहे, अशी त्यांची मांडणी आहे.

असं का होतं, ते समजायला अवघड नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. ढग बरसायला लागला की त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त पाणी असतं. पण जगाचा एकूण पाऊस वातावरणाच्या ऊर्जेच्या जमाखर्चाने बांधलेला आहे, तो अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो. म्हणजे मोठ्या सरींचा वाटा फुगतो, आणि उरलेल्या दिवसांच्या वाट्याला कमी येतं.

आता हेच पाणी काळ्या रानात कसं वागतं बघा. एका मिलिमीटर पावसाने एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी पडतं. दहा दिवस रोज दहा-दहा मिलिमीटर पडला तर चार लाख लिटर पाणी हळूहळू मुरतं. तेवढंच पाणी दोन तासांत कोसळलं तर? उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिल्या पावसात घटाघटा पिते, पण एकदा ओलीने फुगली की भेगा मिटतात आणि वरून येणारं पाणी बांधावरून, नाल्यातून माती घेऊनच निघून जातं. वहीत दोन्हींची नोंद १०० मिलिमीटर अशीच होते. एका रानात वापसा येऊन कोळपणी होते आणि दुसऱ्यात मुळं सडतात.

म्हणून बेरजेसोबत आणखी चार गोष्टी काढा. पावसाचे दिवस किती, म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडलेले दिवस. सर्वांत जास्त पाऊस एका दिवसात किती. ६५ मिलिमीटरच्या वरचे दिवस किती. आपल्याकडे महसूल मंडळात अतिवृष्टी धरताना हाच आकडा लावतात. आणि पेरणीनंतरचा सर्वांत लांब खंड, म्हणजे पावसाविना गेलेला सलग काळ, किती दिवसांचा. हे पाच रकाने तीस वर्षांसाठी भरले की जो बदल बेरजेत सापडत नव्हता तो दिसायला लागतो.

खंड मोजताना एक काळजी घ्या. २.५ मिलिमीटरची अट लावली तर विसाव्या दिवशी पडलेली तीन मिलिमीटरची सर कागदावर खंड मोडते. जमिनीत तिची ओल बोटभरही जात नाही. पीकविमा आणि दुष्काळाच्या बैठकांत २१ दिवसांच्या खंडावरून जे वाद होतात, त्यात ही एक सर भाव खाऊन जाते. मी वहीत दोन खंड मांडतो : एक नियमाचा, दुसरा १० मिलिमीटरच्या खालची सर न धरता.

आठवणीलाच पुरावा मानणं

"आमच्या लहानपणी सात-सात दिवस झड लागायची, सूर्य दिसायचा नाही." हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. माणसाला मोठा पूर आणि मोठा दुष्काळ लक्षात राहतो, साधी वर्षं विरून जातात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला त्याच्या आधीचं सगळं सुकाळाचं वाटतं.

तरी झडीची आठवण मी उडवून लावत नाही. मध्यम पाऊस घटल्याचं नोंदीही सांगतात, आणि झड म्हणजे तोच पाऊस. आठवण ऐकावी, तारीख आणि साल विचारावं, आणि मग वहीत शोधावं. सापडली तर तिच्याइतकी बोलकी नोंद दुसरी नाही. नाही सापडली तर ती आठवण म्हणूनच ठेवावी.

म्हणींचंही तसंच आहे. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती" ही म्हण रब्बी ज्वारीच्या मुलखातली आहे. ऑक्टोबरअखेरचा तो पाऊस ज्वारीला ओल देऊन जायचा. आज त्याच दिवसांत रानात कापलेलं सोयाबीन पडलेलं असतं, कापूस बोंडातून फुटलेला असतो, द्राक्षबागा छाटणी होऊन फुटव्यात असतात. तोच पाऊस आता घात करतो. यात बदललं पीक, आणि दोष मात्र सगळा पावसाच्या नावावर जमा होतो. नुकसान वाढलं म्हणून पाऊस बदलला असं धरू नका, आधी पिकांचा इतिहास बघा.

"नक्षत्रं सरकली म्हणून पाऊस सरकला" असंही ऐकतो. नक्षत्रं ताऱ्यांच्या हिशेबाने चालतात आणि ऋतू सूर्याच्या, त्यामुळे दोघांत फरक पडत जातो हे खरं. पण तो फरक सुमारे ७१ वर्षांत एक दिवस इतकाच आहे. एका पिढीत मृगाचा पाऊस दोन आठवडे लांबला तर त्याचं कारण नक्षत्रात सापडणार नाही.

सोयीचं वर्ष धरून रेघ ओढणं

२०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं देशात तुटीची गेली, १२ आणि १४ टक्के. आलेख २०१५ पासून सुरू केला की पाऊस वाढताना दिसतो, कारण पुढे २०१९, २०२४, २०२५ सारखी भरलेली वर्षं आहेत. कुणी चांगल्या वर्षापासून सुरू करून दुष्काळी वर्षावर थांबला की तोच पाऊस घटताना दिसतो. दोघांचे आकडे खरे असतात.

मोसमी पाऊस मुळातच लहरी आहे. एल निनोची वर्षं (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपल्याकडे बहुधा पाऊस कमी पडतो ती) येतात-जातात, आणि दशकानुदशकांच्या ओल्या-कोरड्या लाटाही असतात. म्हणून हवामानशास्त्रात ३० वर्षांची सरासरी धरतात. दहा वर्षांच्या वहीवरून "कल" सांगू नका. तीस वर्षं असली तर पहिलं आणि शेवटचं वर्ष वगळून परत रेघ ओढा. दोन वर्षं काढल्यावर उतार पालटत असेल तर तो उतार भरवशाचा नाही.

टक्के कशाचे, हे न विचारणं

"यंदा १०० टक्के पाऊस." कशाच्या १०० टक्के? देशाच्या मोसमी पावसाची सरासरी एके काळी ८९ सेंटीमीटर धरत, मग ८८ झाली, आणि २०२२ पासून १९७१ ते २०२० या काळावर आधारलेली ८७ सेंटीमीटर वापरतात. आजचा १०० टक्के पाऊस जुन्या मापाने ९८ टक्क्यांच्या आसपास भरेल. वेगवेगळ्या दशकांतल्या बातम्यांमधले टक्के एका रांगेत लावून तुलना करणं म्हणजे प्रत्येक वेळी वेगळ्या पायलीने धान्य मोजणं. टक्के सोडा, मिलिमीटर घ्या.

तारखांचंही असंच झालं. २०२० मध्ये हवामान विभागाने मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईत तो परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली, वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. केरळचा १ जून मात्र तसाच राहिला. हे वाचून "मान्सून पंधरा दिवस लांबला" असं लिहिणारे बरेच आहेत. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या, मोजक्या स्थानकांच्या नोंदींवर काढल्या होत्या. नव्या तारखांमागे जास्त स्थानकं आणि नंतरची दशकं आहेत. फरकात थोडा वाटा पावसाचा असेल, थोडा मोजण्याचा. दोन्ही एकत्र करून सगळं श्रेय हवामानबदलाला देऊ नये.

लांबचा आकडा आपल्या शिवाराला लावणं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास. शहर एकच, दिवस तोच. कुलाब्याच्या आकड्यावरून कुणी कुर्ल्याची अवस्था सांगू शकला असता का?

राज्याची सरासरी तर जवळजवळ निरर्थक आहे. कोकण-गोव्यात हंगामात २,८०० मिलिमीटरच्या वर पडतो, मराठवाड्यात साडेसहाशेच्या आत. दोन्ही मिसळून आलेली सरासरी ना चिपळूणची, ना गेवराईची. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ च्या त्या भयंकर दिवशी २४ तासांत ५९४ मिलिमीटर झाला. घाट उतरून वाईच्या पूर्वेला गेलं की तेवढा पाऊस आख्ख्या हंगामाला पुरतो.

हवामान विभागाचे १९०१ पासूनचे चौकटीवार रोजचे आकडे फुकट मिळतात, आणि ते मोलाचे आहेत. पण त्यातली एक चौकट साधारण २५ किलोमीटरची असते. तिच्या आत पडलेली एखादी धुवाधार सर आजूबाजूच्या कोरड्या रानात वाटली जाऊन मऊ होते. दीर्घकाळचा कल बघायला ही चौकट चांगली. अमुक गावात अमुक दिवशी किती पडला, हे तिला विचारू नका. त्यासाठी मंडळाचं केंद्र किंवा जवळचा मापक बघा.

मोजमापच चुकलेलं असणं

हा भाग मी थोडा सविस्तर लिहितो, कारण इथली चूक पुढे "हवामानबदल" म्हणून मिरवते.

मी पहिला मापक बसवला तेव्हा जागा मोकळी होती. चार-पाच पावलांवर कडुनिंबाचं गुडघाभर रोप होतं. आठ-नऊ वर्षांनी वही काढून बसलो तर पाऊस वर्षागणिक घटत चाललेला. शेजारच्या गावच्या नोंदीत तसं काही नव्हतं. मान वर केली तेव्हा कडुनिंबाची फांदी जवळजवळ मापकाच्या नरसाळ्यावर आली होती. पाऊस तेवढाच पडत होता, झाड वाढत होतं. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा, हा नियम मी बसवतानाच्या उंचीला लावला होता. झाड वाढणार, शेजारी मजला चढणार, हे धरून जागा निवडा.

एका जुलैत चार दिवस मापकात जवळपास काहीच जमेना, अंगणातलं घमेलं मात्र भरून वाहत होतं. नरसाळं उचलून उजेडाकडे धरलं तर मानेत हरभऱ्याएवढा मातीचा गोळा. कुंभारीण माशीने घर केलं होतं. स्वयंचलित केंद्रातही हे होतं. तिथे झाडाचं पान, कोळ्याचं जाळं, पाखराची विष्ठा पाणी अडवतं, आणि आत उलटणारी लहान पात्रं फार जोराच्या पावसात मागे पडून कमी मोजतात. ते चार दिवस मी वहीत कोरे ठेवले. इथेच बरेच जण "०" लिहितात. "०" म्हणजे पाऊस पडला नाही. कोरं म्हणजे माहीत नाही. एकाच्या जागी दुसरं लिहिलं की नसलेला खंड तयार होतो.

मोजपात्र बदलतानाही जपा. तोंडाचं क्षेत्र २०० चौरस सेंटीमीटर असेल तर एक मिलिमीटर म्हणजे २० मिलिलिटर पाणी; १०० असेल तर १०. फुटलेल्या मोजपात्राच्या जागी दुसऱ्या मापकाचं आणलं की पाऊस एका दिवसात दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि नंतर कितीही वर्षं तसाच राहतो. आलेखात एखाद्या वर्षी पायरी दिसली आणि आजूबाजूच्या गावांत ती नसली, तर आधी विचारा : त्या वर्षी मापक बदलला का, हलवला का, नोंद करणारा माणूस बदलला का?

वार बघण्याची एक युक्ती सांगतो. जुन्या रजिस्टरातला पाऊस वाराप्रमाणे मोजा. रविवारी पाऊस जवळपास नाही आणि सोमवारी भरपूर, असं निघालं तर सुट्टीच्या दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलेलं आहे. दोन साधे दिवस मिळून एक खोटी अतिवृष्टी झाली. अशा नोंदीवरून महिन्याची बेरीज घ्या, मोठ्या सरी मोजू नका.

तारखेचा घोळही असतो. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. सगळे ज्याला २६ जुलैचा पाऊस म्हणतात त्याचं माप २७ जुलैच्या सकाळी साडेआठला घेतलेलं आहे. दोन ठिकाणच्या वह्या ताडून बघताना एका दिवसाचा फरक पडला तर घाबरू नका, एका वहीची तारीख सरकवून बघा.

पहिल्या सरीला हंगाम समजणं

२०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. पण पुढे जवळजवळ अडीच आठवडे त्याची उत्तर सीमा राज्यातच अडकून पडली. लवकर आला म्हणून ज्यांनी घाईने पेरलं त्यांचा जीव टांगणीला लागला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विद्यापीठांचा जुना सल्ला तारखेपेक्षा जास्त भरवशाचा आहे. वहीतही आगमनाच्या तारखेबरोबर "७५ मिलिमीटर कधी पूर्ण झाले" ही तारीख लिहा. या दोन तारखांमधलं अंतर वर्षानुवर्षं कसं बदलतंय ते बघण्यासारखं आहे.

सगळं एकाच कारणावर ढकलणं

कुठे जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी "ढगफुटी" छापून येतं. लहानशा क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त, असा तिचा निकष आहे. बहुतेक वेळा दिवसभराचा पाऊस तासाभराचा म्हणून सांगितलेला असतो. पुराचंही तेच. ओढा बुजवून प्लॉट पाडले असतील, तर पूर्वीच्याच पावसात आज घरात पाणी येतं.

उलट बाजूने "तापमान वाढतंय तर पाऊस वाढायला हवा होता, मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस घटला कसा?" असं विचारून सगळंच खोटं ठरवणारेही भेटतात. प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर आहे. त्या काळात धूर आणि धुळीच्या बारीक कणांनी सूर्यप्रकाश अडवला, जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक कमी झाला आणि मोसमी वारे ढिले पडले. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात हा परिणाम नोंदवलेला आहे. उष्णता धरून ठेवणारे हरितगृह वायू एका बाजूला ओढतात, धूर दुसऱ्या बाजूला. एल निनोचंही गणित सरळ नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता आणि तरी देशात पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच झाला. एका घटनेचं खापर एका कारणावर फोडण्याआधी त्या घटनेसारख्या घटना किती वेळा आणि कोणत्या काळात झाल्या ते मोजा.

राहिला आप्पांचा प्रश्न. त्या वर्षाची ओळ आम्ही दोघांनी मिळून वहीत भरली. बेरजेचा रकाना सरासरीच्या जवळ होता. खंडाच्या रकान्यात ऑगस्टचा बराच भाग गेला होता. मग आप्पांनी विचारलं, ऑक्टोबरचा पाऊस यात कुठे आहे? तो नव्हताच. हंगामाची बेरीज ३० सप्टेंबरला बंद होते. त्यांची गंजी भिजवणारा पाऊस त्या सरासरीत मोजलाच गेला नव्हता. तेव्हापासून वहीत ऑक्टोबरचा एक वेगळा रकाना आहे, आणि मागच्या सगळ्या वर्षांसाठी तो भरण्याचं काम अजून चालू आहे.